कॉकर स्पॅनियल घेताय? पिल्लाच्या डोळ्यांत हरवण्याआधी त्याच्या आईबापाचे रिपोर्ट बघा!

लांब, मऊ, लोंबणारे कान. मोठे, पाणीदार डोळे. सतत हलणारी शेपटी. कॉकर स्पॅनियलचं पिल्लू मोबाईलच्या पडद्यावर आलं की स्क्रोल करणारा अंगठा थांबतोच. मग खाली कमेंट पडतात, "किंमत सांगा", "सोलापूरला मिळेल का?", "डिलिव्हरी आहे का?"

मंडळी, या कमेंटमध्ये एक प्रश्न जवळपास कधीच नसतो, "याच्या आईबापाच्या तपासण्या झाल्यात का?"

खरं तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. कॉकरचे काही सगळ्यात वाईट आजार बाहेरून येत नाहीत, ते रक्तातून येतात. आणि ते दिसायला लागतात तेव्हा पिल्लू विकणाऱ्याच्या घरी नसतं, तुमच्या घरी असतं. हे टाळता येतं का? बऱ्याच अंशी, हो! कसं ते आज समजून घेऊया.

शेळीवाल्याला माहीत असलेली गोष्ट

सुरुवात कुत्र्यापासून नको, शेळीपासून करू.

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर अणदूर हे गाव आहे. खंडोबाचं अणदूर म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहे. खंडोबाच्या सोबतीला घोडा असतो तसा कुत्राही असतो, त्यामुळे इथे कुत्र्याला मान आहेच. पण प्राण्यांची जोपासना या भागाला शिकवली ती आणखी एका प्राण्याने. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, तरी ती आजही जुन्याच नावाने ओळखली जाते. ती म्हणजे उस्मानाबादी शेळी!

बहुतेक काळ्या रंगाची, दुष्काळात तग धरणारी आणि अनेकदा जुळी करडं देणारी ही शेळी कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेली नाही. पिढ्यानपिढ्या लोकांनी निवड केली, त्यातून ती घडली. ही निवड करताना जाणते शेळीपालक एक नियम पाळतात, कळपातला बोकड ठरावीक काळाने बदलायचा. एकच बोकड वर्षानुवर्षं ठेवला तर तो स्वतःच्याच मुलींना आणि नातींना लागतो. मग करडं अशक्त होतात, वजन धरत नाहीत, मरतुक वाढते.

शेळीवाला याला 'इनब्रीडिंग कोइफिशंट' म्हणत नाही. पण त्याला कळतं, कारण नुकसान त्याच्याच गोठ्यात होतं.

कुत्र्यांच्या बाजारात नेमकी इथेच गडबड आहे. पिल्लू ४०-४५ दिवसांचं झालं की विकलं जातं. त्याची किडनी वर्षभराने निकामी झाली किंवा पाचव्या वर्षी ते आंधळं झालं, तर त्याचा हिशेब विकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. चूक एकाची आणि भोगणारे दुसरेच, असा हा प्रकार आहे.

कॉकर आला कुठून?

कॉकर मूळचा ब्रिटनमधला शिकारी कुत्रा. 'वुडकॉक' नावाचा पक्षी झुडपांतून उठवायचं त्याचं काम, आणि त्या पक्ष्यावरूनच त्याचं नाव पडलं. १८९० च्या दशकात तिथल्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. १९३६ ते १९५३ या काळात तो ब्रिटनमधला सगळ्यात लोकप्रिय कुत्रा होता. 'क्रफ्ट्स' या जगप्रसिद्ध डॉग शोमध्ये सर्वोत्तम कुत्र्याचा किताब या जातीने ७ वेळा पटकावलाय. दुसऱ्या कोणत्याही जातीला हे जमलेलं नाही.

त्यातला अमेरिकेत गेलेला कुत्रा पुढे वेगळा झाला. त्याचं डोकं जास्त गोल, नाक आखूड आणि केस खूप दाट. १९५५ च्या 'लेडी अँड द ट्रॅम्प' या डिस्नेपटातली लेडी ही अमेरिकन कॉकर. आपल्याकडे घराघरांत दिसणारा बहुतेक वेळा इंग्लिश कॉकर असतो, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

आता गंमत बघा. एखादी जात 'शुद्ध' ठेवायची म्हणजे आईबाप दोघंही त्याच जातीच्या नोंदवहीतले हवेत. बाहेरचं रक्त आत येत नाही. त्यात एखादा नर शो जिंकला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी असतात. दोन-तीन पिढ्यांनी असंख्य कुत्र्यांचा पणजोबा एकच निघतो. त्या पणजोबाच्या रक्तात एखादा सदोष जनुक लपलेला असेल, तर तोही सगळीकडे पोहोचतो. एकाच बोकडाचा कळप, फक्त जगभर पसरलेला!

निरोगी आईबाप, आंधळं पिल्लू. असं कसं?

कॉकरमध्ये दोन आनुवंशिक आजार विशेष लक्षात ठेवायला हवेत.

पहिला 'पीआरए'. यात डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू झिजत जातो. आधी रात्रीचं दिसणं कमी होतं. कुत्रा अंधारात पायरी चुकतो, संध्याकाळी बाहेर जायला घाबरतो. पुढे तो पूर्ण आंधळा होतो. यावर इलाज नाही. कॉकरमध्ये ही लक्षणं बहुतेक वेळा वयाची काही वर्षं उलटल्यावर दिसतात. म्हणजे तोपर्यंत त्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊनही झालेली असतात!

दुसरा 'फॅमिलियल नेफ्रोपथी', म्हणजे किडनीचा आनुवंशिक आजार. हा तर फारच क्रूर आहे. साधारण ६ महिने ते २ वर्षं या वयात, ऐन उमेदीत किडनी निकामी होते. कुत्रा खूप पाणी पितो, वारंवार लघवी करतो, वजन घटतं, उलट्या होतात. वाचण्याची आशा जवळपास नसते.

हे दोन्ही आजार 'लपून' राहणाऱ्या जनुकांमुळे होतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. एक प्रत सदोष आणि दुसरी चांगली असेल, तर कुत्रा आयुष्यभर ठणठणीत राहतो. त्याला 'वाहक' म्हणतात. त्याच्याकडे बघून काहीही कळत नाही.

आता हिशेब करू.

• वाहक नर आणि वाहक मादी यांची जोडी लावली, तर प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष निघण्याची २५ टक्के.
• वाहक आणि निर्दोष यांची जोडी लावली, तर एकही पिल्लू त्या आजाराने आजारी पडत नाही. साधारण अर्धी पिल्लं वाहक असतात, एवढंच.
• दोघंही निर्दोष असतील, तर प्रश्नच मिटला.

"आमचे दोन्ही कुत्रे एकदम हेल्दी आहेत, बघा की!" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. डोळ्यांना दिसत नाही ते डीएनए चाचणीत दिसतं. पीआरएच्या या प्रकाराचा सदोष जनुक २००६ मध्ये आणि कॉकरच्या किडनीच्या आजाराचा २००७ मध्ये सापडला. चाचणीसाठी रक्ताचा किंवा गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो. एका कुत्र्यासाठी ती आयुष्यात एकदाच करावी लागते.

मग सगळ्या वाहकांना बाद करायचं का? नाही! जात आधीच मोजक्या रक्तावर उभी आहे. सगळे वाहक एकदम काढले तर ती आणखी आकसते आणि दुसरेच लपलेले आजार डोकं वर काढतात. चांगल्या स्वभावाचा, सुदृढ वाहक निर्दोष जोडीदाराबरोबर वापरायचा आणि पुढच्या पिढीत निर्दोष पिल्लं निवडायची. जबाबदार ब्रीडर हेच करतो.

प्रत्येक आजाराला डीएनए चाचणी नसते, हेही लक्षात घ्या. काचबिंदूच्या धोक्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी, खुब्याच्या सांध्यासाठी एक्स-रे, असं वेगवेगळं करावं लागतं.

रोजचे आजार: कान, दात, वजन

ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्लिश कॉकरवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सगळ्यात जास्त आढळलेले त्रास अगदी साधे होते. १०० पैकी साधारण २१ कुत्र्यांना दात-हिरड्यांचा आजार, सुमारे १० कुत्र्यांना कानाचा संसर्ग आणि जवळपास तितक्याच कुत्र्यांना लठ्ठपणा!

कानाचं कारण उघड आहे. लोंबणाऱ्या, केसाळ कानात हवा खेळत नाही. ओल राहते, मळ साठतो आणि जंतू वाढतात. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल, कान खाजवत असेल, कानाला वास येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरातलं तेल किंवा उरलेले ड्रॉप्स ओतू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर चुकीचं औषध बहिरेपणाही आणू शकतं.

आपल्याकडच्या हवामानाने यात तीन गोष्टींची भर घातली आहे.

कुसळं. पावसाळा संपला की माळरानावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. शेतात फिरून आलेल्या माणसाच्या धोतराला चिकटतात, तशीच ती कॉकरच्या कानात, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात. टोकदार असल्याने ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. फिरून आल्यावर कान आणि पंजे उलटून बघायची सवय लावा.

गोचीड. दाट केसांत गोचीड लपतो आणि त्याच्यापासून बबेसिया, एर्लिकिया यांसारखे ताप येतात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, कुत्र्याने खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. कॉकरमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या लाल पेशींवर उलटते असा रक्तक्षयही आढळतो, त्यामुळे "गोचीड ताप असेल" असं घरीच ठरवून थांबू नका. आणि गाईम्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका.

ऊन. मराठवाड्यातला उन्हाळा ४० अंशांच्या पार जातो. कुत्रा माणसासारखा घाम गाळून थंड होत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. फिरायला पहाटे किंवा रात्री न्या. केस नीट विंचरा, कापा, पण मशीन लावून पूर्ण टक्कल करू नका.

कॉकरला इथे सांभाळता येतं, फक्त तो मेहनत मागतो. "फोटोत छान दिसतो" एवढ्यावर घेतलेला कॉकर सहा महिन्यांत गुंता झालेल्या केसांचा आणि वाहत्या कानांचा होतो, आणि मग त्याच ग्रुपवर "कुत्रा द्यायचा आहे" अशी पोस्ट पडते.

'केसीआय पेपर' म्हणजे आरोग्याची हमी नव्हे

केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, ही संस्था कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवते. तिचा कागद तुम्हाला पिल्लाचे पूर्वज कोण ते सांगतो. ते निरोगी होते का, हे सांगत नाही. सातबाऱ्यावरून जमीन कुणाची ते कळतं, पण विहिरीला पाणी लागेल का ते कळत नाही, तसंच हे!

पण तो कागद फेकून देऊ नका. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. आईच्या बाजूची आणि बापाच्या बाजूची नावं शेजारी शेजारी ठेवून वाचा. तेच नाव दोन्हीकडे पुन्हा पुन्हा येतंय का? सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर पिल्लांचा इनब्रीडिंगचा आकडा २५ टक्के येतो, सावत्र भावंडांची लावली तर १२.५ टक्के आणि चुलत-मावस भावंडांची लावली तर ६.२५ टक्के. आकडा जितका मोठा, तितकी लपलेले आजार बाहेर येण्याची शक्यता जास्त.

'हेवी बोन', 'शो क्वालिटी', 'इम्पोर्ट लाइन' हे शब्द जाहिरातीचे आहेत, वैद्यकीय नाहीत.

सौंदर्याचा अट्टहास कुठवर जातो?

स्पॅनियलचाच एक भाऊबंद आहे, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. छोटा, गोंडस, प्रेमळ. पण या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार खूप मोठ्या प्रमाणात आढळतो. शिवाय लहान, गोल डोक्याच्या हौसेपायी कवटी मेंदूला अपुरी पडते आणि मणक्यात पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. कुत्र्याला असह्य वेदना होतात.

नॉर्वेत प्राणीमित्र संघटनेने याविरुद्ध खटला भरला. जानेवारी २०२२ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने कॅव्हेलियरचं असं प्रजनन प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही कॅव्हेलियरबाबत तेच म्हटलं. कॉकरची अवस्था अजून इतकी वाईट नाही. ती तशी होऊ नये हे ब्रीडरच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याच्या १९६० च्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आणले. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

• विक्रीसाठी प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे.
• ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.
• मादी किमान १८ महिन्यांची आणि निरोगी असल्याशिवाय तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत.
• वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा नाही आणि आयुष्यात ५ पेक्षा जास्त वेळा नाही.
• ८ वर्षांनंतर तिला या कामातून मोकळं करायचं.

४० दिवसांचं पिल्लू "लवकर लळा लागतो" म्हणून विकणारा माणूस नियम मोडतोय आणि पिल्लाचंही नुकसान करतोय. आईजवळ आणि भावंडांत खेळतानाच पिल्लू किती जोराने चावायचं, कधी थांबायचं, हे शिकतं.

"एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत"

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. मादीला आरोग्यासाठी एकदा व्यायला हवं, याला वैद्यकीय आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

तरीही पिल्लं घ्यायचीच असतील तर आधी हिशेब मांडा. मादी माजावर आली आणि व्हॉट्सॲपवर "नर पाहिजे" टाकलं, एवढ्यावर भागत नाही. दोघांच्या डीएनए चाचण्या, डोळे, सांधे, ब्रुसेला या संसर्गाची तपासणी, साधारण ६३ दिवसांच्या गाभण काळात चांगला आहार, अडली तर मध्यरात्री सिझेरियन करणारा डॉक्टर, पिल्लांचे जंत आणि लशी. शिवाय न खपलेली किंवा परत आलेली पिल्लं सांभाळायची तयारी. नराच्या मालकाला 'एक पिल्लू' दिलं की संपलं, असं हे गणित नाही.

स्वभावही वारशाने येतो. चिडक्या, भित्र्या किंवा चावणाऱ्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत, मग तो कितीही देखणा असो.

पिल्लू घेण्याआधी विचारा हे ८ प्रश्न

१. पिल्लाची आई दाखवाल का? प्रत्यक्ष, व्हिडिओवर नाही.
२. तुमचा नोंदणी क्रमांक काय?
३. आईबापाचे पीआरए आणि किडनीच्या आजाराचे डीएनए रिपोर्ट कुठे आहेत? त्यावर कुत्र्याचा मायक्रोचिप क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक आहे का?
४. आईचं वय किती आणि ही तिची कितवी वेळ?
५. आईबाप एकमेकांच्या नात्यात आहेत का?
६. याआधीची पिल्लं आता कशी आहेत? त्यांच्या मालकांशी बोलता येईल का?
७. जंताचं औषध आणि लस कधी दिली? पशुवैद्यकाच्या सहीचं पुस्तक आहे का?
८. उद्या मला सांभाळणं जमलं नाही, तर पिल्लू परत घ्याल का?

चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला चार प्रश्न विचारतो, घरात कोण असतं, कुत्रा दिवसभर एकटा राहणार का, याआधी कुत्रा पाळलाय का? जो फक्त "टोकन टाका, उद्या ट्रॅव्हल्सने पाठवतो" म्हणतो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

अणदूर-नळदुर्गसारख्या ठिकाणी राहत असाल तर पिल्लू आणण्याआधी एक काम करा, कुत्र्यांवर उपचार करणारा जवळचा पशुवैद्यक शोधून ठेवा. अवघड तपासण्यांसाठी मराठवाड्यात उदगीर आणि परभणी इथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येईल.

आणि कॉकर आधीच घरात असेल, रिपोर्ट वगैरे काहीच नसतील तर? घाबरू नका. वर्षातून एकदा डोळे, रक्त आणि लघवी तपासा, आठवड्यातून एकदा कान बघा, दात घासा, वजन आटोक्यात ठेवा. फक्त तपासण्या झाल्याशिवाय त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका.

बाजार मागणीवर चालतो, मंडळी. गिऱ्हाईक फक्त किंमत विचारत राहिलं, तर विकणारा फक्त स्वस्तात पिल्लं काढत राहील. दहा जणांनी रिपोर्ट मागितले, तर अकराव्या वेळी तो ते स्वतःहून दाखवेल.

तुमच्या ओळखीत कुणी कॉकर घ्यायच्या तयारीत असेल, तर टोकन टाकण्याआधी हा लेख त्यांना नक्की पाठवा!